देवदर्शनाच्या गाडीत शेगडी आणि सिलिंडर: चालतंफिरतं घर पेट का घेतं आणि ते कसं टाळायचं?

आषाढी वारीच्या दिवसांत परभणी जिल्ह्यातल्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसतं. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड मार्गे पंढरपूरकडे जाते. जनाबाईंच्या गंगाखेडातून आणि गावोगावहून दिंड्या निघतात. प्रत्येक दिंडीच्या मागेपुढे एखादा ट्रक, टेम्पो किंवा पिकअप असतो. त्यात पिठाची पोती, पातेली, अंथरुणं, गॅसची शेगडी, सिलिंडर, जनरेटर आणि डिझेलचा कॅन असतो. रात्री त्याच सामानाच्या कडेला माणसंही झोपतात.

वारी संपली तरी हा प्रवास थांबत नाही. श्रावणात ज्योतिर्लिंगांच्या फेऱ्या असतात, दिवाळीच्या सुट्टीत तिरुपती, उन्हाळ्यात चारधाम. वीस-पंचवीस जण मिळून टेम्पो ट्रॅव्हलर किंवा बस ठरवतात, सोबत आचारी घेतात. बाहेरचं खाणं महाग पडतं, उपासतापास असतात, म्हाताऱ्या माणसांना घरचंच लागतं.

परदेशात अशा चालत्याफिरत्या घराला कॅराव्हॅन किंवा मोटरहोम म्हणतात. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. या गाड्या मुळातच राहण्यासाठी बांधलेल्या असतात. स्वयंपाक कुठे होणार, गॅस कुठे ठेवायचा, हवा कुठून खेळणार, याचा विचार बांधतानाच करावा लागतो. आपल्याकडे मात्र माणसं किंवा माल नेण्यासाठी बनलेल्या गाडीचंच आठ दिवसांसाठी घर होतं. धोका नेमका इथून सुरू होतो.

मदुराईत काय झालं होतं?

२६ ऑगस्ट २०२३ ची पहाट. तमिळनाडूतल्या मदुराई रेल्वे यार्डात एक पर्यटक डबा उभा होता. एका खासगी पार्टीने तो डबा आरक्षित केला होता आणि लखनौहून निघालेले यात्रेकरू त्यातून दक्षिण भारताचं दर्शन करत होते. पहाटे सव्वापाचच्या सुमारास डब्याला आग लागली. नऊ जणांचा मृत्यू झाला.

प्रवाशांनी गॅस सिलिंडर लपवून डब्यात आणला होता आणि त्यावरूनच आग लागली, असं दक्षिण रेल्वेने सांगितलं. चहा-कॉफी करण्यासाठी शेगडी पेटवली जात होती. डबा मूळ गाडीपासून वेगळा करून ठेवलेला होता, म्हणून इतर डबे वाचले.

या प्रकारात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पहाटे उठून सगळ्यांसाठी चहा टाकणं हे प्रत्येक यात्रेत होतं. रेल्वेत असा सिलिंडर नेणं हा गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एसटीतही ज्वालाग्राही वस्तू नेता येत नाहीत. ठरवून घेतलेल्या खासगी गाडीत मात्र तपासणारं कुणी नसतं. तिथे आपणच आपले पोलीस.

घरात चालतं, मग गाडीत का नाही?

हा प्रश्न रास्त आहे. तोच सिलिंडर, तीच शेगडी. फरक पडतो तो जागेमुळे आणि हालचालीमुळे.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो वर जात नाही, खाली बसतो. घरात तो दाराखालच्या फटीतून काही प्रमाणात बाहेर पडू शकतो. गाडीत तो सीटखाली, बॅगांच्या मध्ये, अंथरुणांच्या थराखाली साचतो. वरची खिडकी उघडी असली तरी तळाशी साचलेला गॅस पूर्ण निघून जात नाही.

आता थोडा हिशेब करू. हवेत या गॅसचं प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेलं की ठिणगीने भडका उडू शकतो. टेम्पो ट्रॅव्हलरच्या आतली जागा ढोबळमानाने बारा घनमीटर धरा. तिचे दोन टक्के म्हणजे सुमारे २४० लिटर गॅस. वजनात हा गॅस साधारण अर्धा किलो भरतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे सिलिंडरमधला तीस भागांपैकी एक भाग गळला, तरी अख्खी गाडी भडका उडण्याच्या स्थितीत येऊ शकते. शिवाय गॅस खालीच साचत असल्याने तळाशी ती वेळ याहून लवकर येते.

ठिणगीसाठी काडीपेटीच लागते असंही नाही. लाइटचं बटण, पंख्याची मोटर, इंजिन सुरू करणारा स्टार्टर, यातली कुठलीही ठिणगी पुरते.

दुसरा मुद्दा हालचालीचा. घरातला सिलिंडर एका जागी उभा असतो. गाडीतला सिलिंडर खड्ड्यागणिक हादरतो, आडवा पडतो, लोळतो. रेग्युलेटर जोडलेलाच राहिला तर तो सैल होतो, रबरी नळी पत्र्याच्या कडेवर घासून चिरते. सिलिंडर आडवा पडला तर व्हॉल्व्हमधून वायूऐवजी द्रवरूप गॅस बाहेर येऊ शकतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो.

गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. पण झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईलच याचा भरवसा नाही. गाडीत उदबत्ती, कापूर, डिझेल आणि फोडणीचा वास मिसळलेला असेल तर जागं असलेल्यांनाही तो उशिरा कळतो.

गॅस नसला तरी आग का लागते?

गाड्यांना लागणाऱ्या सगळ्याच आगींमागे सिलिंडर नसतो. बाकीची कारणंही आपल्या ओळखीची आहेत.

वायरिंग: यात्रेच्या गाडीला जादा फोकस, मोठा हॉर्न, स्पीकर, रंगीत लाइट, पंखे आणि दहा मोबाइल एकाच वेळी चार्ज करणारा इन्व्हर्टर जोडला जातो. कंपनीने दिलेली वायर ठरावीक विजेसाठी असते. जास्त भार पडला की ती तापते आणि तिच्यावरचं प्लास्टिक वितळतं. हे टाळण्यासाठीच फ्यूज असतो. तो वारंवार उडतो म्हणून जागी जाड फ्यूज किंवा सरळ तांब्याची तार बसवली, तर गाडीचा राखणदारच काढून टाकला असं समजा. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही याच यादीत येतात.

डिझेल आणि ऑइलची गळती: इंजिनाजवळचा पाइप झिरपत असेल आणि थेंब तापलेल्या टर्बोवर किंवा एक्झॉस्टवर पडत असतील, तर चालू गाडीत आग लागते. "थोडं गळतंय, आल्यावर बघू" हे वाक्य इथे महागात पडतं.

टायर आणि ब्रेक: मागच्या जोडचाकांपैकी एकातली हवा गेली तर ड्रायव्हरला लवकर कळत नाही. ते चाक घासत, तापत राहतं. ब्रेक अडकून राहिला तरी असंच होतं. परभणीत मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. डांबर आधीच तापलेलं असतं, त्यात भरलेली गाडी. टायर एकदा पेटला की विझवायला फार अवघड.

वाळलेलं गवत आणि भुसकट: जेवणासाठी गाडी शेताच्या कडेला लावली जाते. खाली सोयाबीनचं भुसकट किंवा वाळलेलं गवत असतं आणि वर तापलेला सायलेन्सर. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धूर गाळणारा फिल्टर असतो. त्यात साचलेली काजळी जाळण्यासाठी तो अधूनमधून फार तापतो. अशा वेळी गाडी कोरड्या गवतावर उभी करू नये.

गाडीतला गॅस कीट: प्रवासी व्हॅनमध्ये घरगुती सिलिंडरमधून मोटार लावून गॅस भरण्याचा धंदा अनेक शहरांत चालतो. हे बेकायदा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात असाच गॅस भरताना व्हॅनचा स्फोट झाला. त्यात अनेक जण भाजले आणि काहींचा जीव गेला. ड्रायव्हर अशा ठिकाणी गाडी वळवत असेल तर स्पष्ट नाही म्हणा आणि सगळ्यांना आधी खाली उतरवा.

आगीपेक्षा दरवाजा महत्त्वाचा का ठरतो?

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी स्लीपर बस धडकेनंतर पेटली. १२ जणांचा मृत्यू झाला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटून पेटली. बसमध्ये ३३ जण होते, २५ जणांचा मृत्यू झाला.

समृद्धीवरच्या अपघातात बस दरवाजाच्या बाजूवर उलटली आणि बाहेर पडण्याचा नेहमीचा मार्गच बंद झाला. जे वाचले त्यांतले काही खिडकीची काच फोडून बाहेर आले.

मार्च २०२५ मध्ये पुण्याजवळ हिंजवडीत कर्मचाऱ्यांना नेणारा टेम्पो ट्रॅव्हलर पेटला आणि चौघांचा मृत्यू झाला. ही आग मुद्दाम लावल्याचं पोलिसांनी तपासानंतर सांगितलं, म्हणजे कारण अगदी वेगळं होतं. पण मागे बसलेल्यांना बाहेर पडता आलं नाही, हे तिथेही खरं होतं.

तिन्ही घटनांची कारणं निरनिराळी, पण जीव अडकला तो बाहेर पडण्याच्या वाटेवर. बंद गाडीत ज्वाळांच्या आधी धूर पोचतो. सीटचा फोम, रेक्झिन, पडदे, प्लास्टिक जळताना विषारी वायू निघतात आणि माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये लांब पल्ल्याच्या बस आणि शाळेच्या बससाठी प्रवासी बसतात त्या भागातही आगीची सूचना देणारी आणि आगीपासून बचाव करणारी यंत्रणा असावी, अशी अधिसूचना काढली. प्रवाशांना बाहेर पडायला जास्तीचा वेळ मिळावा, हाच तिचा हेतू आहे. यात्रेला ठरवलेल्या जुन्या टेम्पोत किंवा क्रूझरमध्ये असं काही नसतं. उलट मागच्या दरवाजाला पोती टेकवलेली असतात आणि मधल्या वाटेत पाण्याचे जार.

मग स्वयंपाक करायचाच नाही का?

करा, पण गाडीच्या आत नको. एवढा एक नियम पाळला तरी मोठा धोका टळतो.

माणसांच्या गाडीत सिलिंडर ठेवू नका. दिंडीत सामानाची वेगळी गाडी असतेच. सिलिंडर त्या उघड्या गाडीत उभे, दोरीने घट्ट बांधलेले आणि रेग्युलेटर काढून, वर टोपी लावलेले असावेत. त्या गाडीत रात्री कुणीही झोपू नये. एकच गाडी असेल तर सिलिंडर नेण्याचा विचार सोडा. मुक्कामाच्या ठिकाणी मंगल कार्यालय, भक्तनिवास किंवा मठ पाहून तिथल्या स्वयंपाकघराची आधीच व्यवस्था करा. मधल्या वेळेसाठी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी हा आपला जुना शिधा आहेच.

शेगडी पेटवायची ती गाडीपासून किमान दहा-पंधरा पावलं दूर, सपाट जागेवर. वारा शेगडीकडून गाडीकडे वाहत नाही ना, ते पाहा. वाऱ्याला आडोसा म्हणून गाडीचा वापर करू नका. पाऊस आला तरी ताडपत्री बांधून तिच्याखाली, चारही बाजू बंद करून शेगडी लावू नका.

नळी आयएसआय चिन्हाची असावी आणि पाच वर्षांच्या आत बदललेली असावी. जोडणी झाल्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती पाहणं म्हणजे स्वतःहून आगीला बोलावणं. आचारी लाल घरगुती सिलिंडर घेऊन येत असेल तर लक्षात घ्या, धंद्याच्या स्वयंपाकासाठी तो वापरायला परवानगी नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर असतो.

चारधामच्या थंडीत गाडीच्या काचा लावून आत कोळशाची शेगडी ठेवणं हा आणखी एक जीवघेणा प्रकार. तिथे आग लागली नाही तरी कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. जनरेटरच्या धुराचंही तेच. जनरेटर गाडीपासून दूर ठेवा, आणि तो बंद करून थंड झाल्यावरच त्यात पेट्रोल किंवा डिझेल भरा.

गाडीत आरतीचा कापूर, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती आणि विडी-सिगारेट नको. श्रद्धेचा प्रश्न असेल तर गाडी थांबवून बाहेर आरती करा, म्हाताऱ्या माणसांचे पायही मोकळे होतात.

आग लागलीच तर पहिली दोन मिनिटं

गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. सगळ्यांना उतरवा. बॅगा, चपला, मोबाइल काहीही शोधू नका. वृद्धांना आणि मुलांना आधी काढा, आणि त्यांना वाहतुकीच्या बाजूला न नेता रस्त्याच्या बाहेर, गाडीपासून लांब न्या. मग माणसं मोजा.

दरवाजा उघडत नसेल तर काचेच्या मधोमध मारू नका. कोपऱ्यावर हातोडीने किंवा एखाद्या टोकदार जड वस्तूने मारा, तिथे ती लवकर फुटते. पुढची काच थरांची असते, ती सहज फुटत नाही. म्हणून बाजूच्या किंवा मागच्या काचेकडे वळा. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत सरका.

आग लहान असेल आणि पाठीमागे निसटायला वाट असेल, तरच अग्निशामक नळकांडं वापरा. पिन ओढा, नळीचं तोंड ज्वाळेच्या बुडाशी धरा, मूठ दाबा आणि आडवं फिरवा. लहान नळकांडं काही सेकंदांतच रिकामं होतं, म्हणून लांबून फवारून ते वाया घालवू नका. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते पूर्ण उघडू नका. भसकन हवा मिळून ज्वाळा तोंडावर येते. किंचित फट करून आत फवारा.

सिलिंडरच्या तोंडाशी लहान ज्वाळा असेल आणि हात पोचत असेल तर रेग्युलेटर बंद करा. बंद करता येत नसेल तर लांब पळा. ज्वाळा विझली पण गॅस गळत राहिला, तर तो पुन्हा जास्त मोठा पेट घेऊ शकतो.

कपड्यांनी पेट घेतला तर धावू नका. जमिनीवर लोळा किंवा सुती चादर, घोंगडी गुंडाळा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद काहीही लावू नका.

मदतीसाठी ११२ हा एकच नंबर पुरतो. अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि गॅस गळतीसाठी १९०६ हेही नंबर आहेत. फोनवर गाडी नेमकी कुठे आहे ते सांगता यावं म्हणून किलोमीटरचा दगड किंवा जवळच्या गावाचं नाव लक्षात ठेवत चला.

व्हॉट्सॲपवरचे दोन मेसेज

"उन्हाळ्यात टाकी फुल्ल करू नका, स्फोट होईल." हा मेसेज दरवर्षी फिरतो आणि इंडियन ऑइलने तो खोटा असल्याचं अनेकदा सांगितलं आहे. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणं उन्हाळ्यातही सुरक्षित आहे. खरा धोका गाडीत ठेवलेल्या प्लास्टिकच्या कॅनमधल्या इंधनाचा.

"सिलिंडरवर ए-२७ असं लिहिलेलं म्हणजे गॅसची एक्स्पायरी." हेही चूक. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. त्या तिमाहीत सिलिंडरची तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. गॅस कधी खराब होत नाही, पण तपासणीची मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका.

गाडी निघण्याआधी हे पाहा

ही यादी यात्रेच्या ग्रुपवर पाठवायला हरकत नाही.

१. माणसांच्या गाडीत सिलिंडर, रॉकेल, डिझेल-पेट्रोलचा कॅन नाही.
२. सगळे दरवाजे आतून उघडतात. प्रत्येकाने एकदा उघडून पाहिलं आहे.
३. मागच्या दरवाजासमोर आणि मधल्या वाटेत सामान नाही.
४. काच फोडायची हातोडी आणि चालू अग्निशामक नळकांडं हाताशी आहे. नळकांड्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे.
५. जोडलेले जादा लाइट आणि इन्व्हर्टर वायरमनने तपासले आहेत. फ्यूजच्या जागी तार नाही.
६. गाडीखाली डिझेल किंवा ऑइलचे डाग नाहीत. प्रत्येक थांब्यावर चाकांजवळ हात नेऊन कुठलं चाक जास्त तापलंय का ते पाहायचं आहे.
७. पॉवर बँक आणि मोबाइल अंथरुणाखाली चार्जिंगला लावलेले नाहीत.
८. रात्री ड्रायव्हरशिवाय एक जण जागा राहणार आहे. कोण, ते ठरलं आहे.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. लागतं ते एक ठाम माणूस. दिंडीत वीणेकरी ठरलेला असतो, हिशेब ठेवणारा ठरलेला असतो. तसाच गाडी पाहणारा एक जण ठरवा आणि तो "सामान हलवा" म्हणाला तर कुरकुर न करता हलवा. मागच्या दरवाजासमोरचं पोतं काढायला पाच मिनिटं लागतात. गाडी पेटल्यावर तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.